डाल्मेशियन कुत्रा : रस्त्यावरचा आणि रिंगणातला

मनुष्याच्या सोबतीस राहिलेल्या प्राण्यांत कुत्र्याइतका जुना प्राणी दुसरा नाही, हे आता विद्वानांनी सिद्ध करून सांगितले असले, तरी आपल्या पुराणकारांस व मूर्तिकारांस ते पूर्वीच ठाऊक होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी व भावंडे एकामागून एक पडली, तरी धर्मराजाच्या मागून शेवटपर्यंत चालत राहिला तो कुत्राच. श्रीदत्ताच्या पायाशी श्वान असतात, आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर धावणारा कुत्रा काढल्यावाचून चित्रकाराचे समाधान होत नाही. ह्या तिन्ही ठिकाणी कुत्र्याचे काम एकच, आणि ते म्हणजे सोबत करणे. परंतु गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कुत्र्याच्या वाट्यास एक निराळे काम आले आहे. ते काम दिसण्याचे. पाहणाऱ्याने पाहावे, परीक्षकाने पारखावे, आणि पसंतीस उतरेल त्याच्या गळ्याला फीत बांधावी, असा हा नवा व्यवहार आहे. सोबत करणे आणि सुंदर दिसणे ही दोन कामे एकाच प्राण्यावर पडली असता त्याचे काय होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने डाल्मेशियन कुत्र्याचा इतिहास वाचावा. धावत सोबत करण्यासाठी ह्याच्याइतका नावाजलेला कुत्रा क्वचितच सापडेल, आणि डोळ्यांच्या सुखासाठी ह्याच्याइतका निवडून निवडून घडविलेलाही क्वचितच.

ज्यांनी हा कुत्रा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी प्रथम त्याचे थोडे वर्णन करतो. उंची खांद्यापाशी २२ ते २४ इंच. अंग सडपातळ पण स्नायूंनी भरलेले. केस आखूड, दाट व तकतकीत. आणि त्या शुभ्र अंगावर काळे अथवा गडद तपकिरी वाटोळे ठिपके. हे ठिपके एकमेकांत मिसळू नयेत, त्यांच्या कडा स्वच्छ असाव्यात, आणि काळ्या ठिपक्यांचा व्यास २ ते ३ सेंटिमीटर असावा, असा आंतरराष्ट्रीय मापदंडाचा आग्रह आहे. गमतीची गोष्ट अशी की, जन्मतः पिल्लाच्या अंगावर ह्यांपैकी एकही ठिपका दिसत नाही. ते पांढरेशुभ्र जन्मते, आणि साधारण दोन आठवड्यांचे होते न होते तोच, कागदावर शाई फुटावी तसे ठिपके वर येऊ लागतात. ज्या घरी अशी पिल्ले होतात त्या घरची मुले रोज सकाळी टोपलीपाशी जाऊन नवे ठिपके मोजीत बसतात, ह्यात नवल नाही.

ह्या जातीचे नाव एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील डाल्मेशिया ह्या प्रांतावरून पडले. हा प्रांत सांप्रत क्रोएशिया देशात मोडतो. तेथील झाओस्त्रोग गावी सुमारे १७१० सालचे एक भित्तिचित्र आहे, त्यात असा कुत्रा काढलेला आढळतो. आणि जाकोवो येथील बिशप पेतार बाकिच ह्याच्या १७१९ सालच्या बखरीतही डाल्मेशियाच्या कुत्र्याचा उल्लेख आहे. ह्या पुराव्यांवर विसंबून आंतरराष्ट्रीय संघटनेने क्रोएशिया हीच त्याची मूळभूमी मानली आहे. तथापि एका फ्रेंच पंडिताने ह्याचा संबंध थेट आपल्या देशाशी जोडला होता, हे आमच्या वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ ह्याने अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या प्रचंड ग्रंथात अशाच ठिपकेदार कुत्र्याचे चित्र देऊन त्यास बंगालचा शिकारी कुत्रा असे नाव दिले. बंगालहून हा कुत्रा युरोपात गेल्याचा पुरावा मात्र कोणी पुढे आणलेला नाही. दूरदेशीची वस्तू म्हटली की तिची किंमत चढते, हा व्यापारातला अनुभव कुत्र्यांच्या वंशावळीसही लागू पडतो, एवढाच ह्यातून बोध घ्यावा.

डाल्मेशियाने नाव दिले, पण कीर्ती दिली ती इंग्लंडने. इंग्रज ग्रंथकार टॉमस पेनंट ह्याने १७७१ साली ह्या कुत्र्याची नोंद घेतली. आणि टॉमस ब्यूइक ह्याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या चतुष्पादांच्या इतिहासात त्याचे लाकडी ठशातले सुरेख चित्र देऊन त्यास गाडीचा कुत्रा असेही म्हटले. हे दुसरे नाव सार्थ होते. त्या काळी श्रीमंतांच्या घोडागाड्या लांबलांबचे प्रवास करीत, आणि त्यांच्याबरोबर हे कुत्रे मैलच्या मैल धावत. कोणी घोड्यांच्या टाचांपाशी, कोणी गाडीच्या आसाखाली, कोणी पुढे राहून वाट मोकळी करीत. मुक्कामाच्या खानावळीत धनी जेवावयास उतरला म्हणजे गाडीतील सामानावर कुत्र्याचा पहारा असे, आणि रात्री तो तबेल्यात घोड्यांच्या शेजारीच निजे. घोड्याशी ह्या जातीचे सख्य असाधारण आहे. ह्यात मोठेपणाची हौसही होती, हे कबूल केले पाहिजे. रंगविलेली गाडी, जुळणारे घोडे आणि खाली दुडकत जाणारा ठिपक्यांचा कुत्रा असा सरंजाम दिसला म्हणजे रस्त्यावरची पोरे मनुक्यांच्या पुडिंगचा कुत्रा म्हणून ओरडत. परंतु हौस झाली तरी तिला दमाची जोड हवी. दिवसभर घोड्याच्या चालीने धावणे हे दिखाऊ प्राण्याचे काम नव्हे.

पुढे आगगाडी आली, तिच्यामागून मोटार आली, आणि गाडीच्या कुत्र्याची चाकरी सुटली. अमेरिकेत आग विझविणाऱ्या बंबांच्या घोड्यांपुढे धावून रस्ता मोकळा करण्याचे काम त्याला काही काळ मिळाले. परंतु १९२२ साली न्यूयॉर्क शहरात घोड्यांच्या बंबाची शेवटची फेरी झाली, आणि तेथेही तो केवळ शोभेचा व प्रेमाचा पाहुणा होऊन राहिला. यंत्रयुगाने अनेक कारागिरांस बेकार केले, त्यांच्या यादीत ह्या मुक्या कारागिराचेही नाव घालावयास हरकत नाही. ज्याचे काम गेले तो प्राणी बहुधा नामशेष होतो. डाल्मेशियन तसा झाला नाही, ह्याचे कारण त्याला नवी जागा मिळाली. ती जागा म्हणजे प्रदर्शनाचे रिंगण आणि मध्यम वर्गाचे घर.

कुत्र्यांच्या प्रदर्शनांची आजची पद्धत इंग्लंडमध्ये १८५९ साली सुरू झाली असे मानतात. त्या वर्षी जून महिन्यात टाईन नदीकाठच्या न्यूकॅसल शहरी जे प्रदर्शन भरले, त्यात पॉइंटर व सेटर ह्या दोनच शिकारी जातींचे साठ कुत्रे होते, आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. बंदुकीच्या बक्षिसावरूनच कळून येते की, तोवर कुत्र्याची किंमत त्याच्या कामावरून ठरत होती. पुढे मात्र हा छंद झपाट्याने पसरला. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळींच्या वह्या छापल्या जाऊ लागल्या. आणि १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट ह्या व्यापारी बुद्धीच्या गृहस्थाने इस्लिंग्टन येथे आपल्या नावाचे प्रदर्शन भरविले, ते आज जगात सर्वांत प्रसिद्ध आहे. डाल्मेशियनाचा मापदंड व्हेरो शॉ ह्या इंग्रज लेखकाने १८८२ साली लिहून काढला, आणि १८९० साली त्यास अधिकृत स्वरूप मिळाले. त्या काळी परीक्षकाच्या सोयीसाठी अवयवांस गुण वाटून देण्याची चाल होती. डोके, मान, पाय, शेपटी ह्या सर्वांस मिळून जे शंभर गुण, त्यांतील चौथ्या हिश्श्याहून कमी नव्हेत इतके एकट्या रंगास व ठिपक्यांस होते. जो कुत्रा आसाखाली वीस मैल धावला म्हणून नावाजला, त्याची परीक्षा आता बहुतांशी त्याच्या कातड्यावरून होऊ लागली.

इतके वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, प्रदर्शन म्हणजे निव्वळ खोटा थाटमाट. ह्या प्रदर्शनांनी इंग्लंड-अमेरिकेतील सामान्य कुटुंबांस एक निरागस आनंद दिला आहे. उत्तर इंग्लंडात १९०३ साली आणि दक्षिणेत १९२५ साली डाल्मेशियन पाळणाऱ्यांचे संघ निघाले. अमेरिकेत तसा संघ १९०५ पासून आहे. ह्या संघांतील बहुतेक सभासद जहागीरदार नव्हते. शिक्षक, दुकानदार, कारकून अशी घरे चालविणारी ती माणसे होती. त्यांना प्रदर्शनाचा दिवस म्हणजे सबंध घराची सहल. आदल्या संध्याकाळी कुत्र्यास न्हाऊ घालावयाचे, नखे कापावयाची, अंगावरून हात फिरवीत केस चमकवावयाचे. पहाटे उठून कांबळे, पाण्याचे भांडे, चहाचा थर्मास व खाण्याचे डबे गाडीत भरावयाचे. आणि दिवसभर वाट पाहून परीक्षकापुढे दोन-तीन मिनिटे उभे राहावयाचे. ह्या दोन-तीन मिनिटांसाठी एवढा खटाटोप का, असे शहाणा माणूस विचारील. परंतु आषाढी वारीस निघालेल्या माणसाला गाभाऱ्यात किती क्षण उभे राहावयास मिळते, हे ज्यास ठाऊक आहे तो विचारणार नाही. सुख वाटेत असते.

मोठ्या प्रदर्शनांहूनही आम्हास अधिक गोड वाटतात ती खेड्यापाड्यांतली छोटी प्रदर्शने. इंग्लंडात एखाद्या देवळाच्या, शाळेच्या अथवा धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी उन्हाळ्यात जत्रा भरते, आणि तिच्या एका कोपऱ्यात दोऱ्या बांधून रिंगण आखतात. केनेल क्लबाच्या कडक नियमांतून ह्या प्रदर्शनांस मोकळीक असते. तेथे वंशावळीच्या वर्गांबरोबर गमतीचे वर्गही असतात : कोणाची शेपटी सर्वांत जोराने हलते, सर्वांत देखणा म्हातारा कुत्रा कोणता, परीक्षकास कोणता कुत्रा आपल्या घरी न्यावासा वाटतो. ज्या डाल्मेशियनाचे ठिपके एकमेकांत मिसळले म्हणून मोठ्या रिंगणात त्यास कोणी विचारीत नाही, तोच येथे शेपटीच्या जोरावर पहिला येतो, आणि त्याची दोरी धरलेली आठ वर्षांची मुलगी लाल फीत छातीशी धरून घरी जाते. मुलांनी कुत्रा कसा हाताळावा ह्याच्याही स्पर्धा असतात. दुसऱ्या जिवाशी सबुरीने वागावे, रागावून उपयोग नसतो, आणि हरल्यावरही त्याच कुत्र्याला थोपटून गाडीत बसवावयाचे असते, हे धडे मुलांना शाळेच्या पुस्तकापेक्षा येथे लवकर कळतात. १९६८ साली फॅनहिल फॉन नावाच्या डाल्मेशियन कुत्रीने क्रफ्ट्सचे सर्वोच्च पद पटकाविले, तेव्हा पाळणाऱ्या सर्वांस आपलीच मुलगी पहिली आल्यासारखे वाटले असेल.

येथवर झाली ती नाण्याची उजळ बाजू. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. डोळ्यांनी निवड करणारा मनुष्य डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांचीही नकळत निवड करीत असतो. डाल्मेशियनांत बहिरेपण फार. अमेरिकेत हजारो कुत्र्यांची तपासणी झाली, तीत सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे व सुमारे २२ टक्के एका कानाने बहिरे आढळले. ज्या कारणाने अंग पांढरे होते, त्याच कारणाने कानाच्या आतील पेशी मरतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणखी चमत्कारिक गोष्ट अशी की, जन्मतःच अंगावर एखादा मोठा काळा डाग असलेल्या पिल्लांत बहिरेपण कमी आढळते. परंतु असा डाग मापदंडाने दोष ठरविला आहे. म्हणजे ज्यास ऐकू येण्याचा संभव अधिक, तेच रिंगणाबाहेर!

दुसरा दोष ह्याहून खोल आहे. इतर कुत्र्यांच्या शरीरात यूरिक आम्लाचे रूपांतर होऊन ते निरुपद्रवी होते; डाल्मेशियनाच्या शरीरात तसे पुरते होत नाही, आणि ते मूत्रात साचून त्याचे खडे होतात. नर कुत्र्यांस त्यामुळे मूत्र अडून प्राणांतिक पीडा होते. हा दोष काही घराण्यांपुरता नव्हता. शुद्ध म्हणून नोंदलेल्या साऱ्या जातीत तो होता, आणि म्हणून जातीतल्या जातीत कितीही निवड केली तरी तो जाणे शक्य नव्हते. १९७३ साली अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट शायबल ह्यांनी एक धाडस केले. त्यांनी डाल्मेशियनाचा एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला, आणि त्या संततीचा पुढे दर पिढीस डाल्मेशियनाशीच संबंध जुळवीत, निरोगी गुण मात्र हातचा सुटू दिला नाही. ज्यास अंकगणित येते त्यास हिशेब करता येईल : पॉइंटरचा अंश दर पिढीस निम्मा होतो, आणि दहाव्या पिढीस तो सहस्रांशाहूनही कमी उरतो. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबाने ह्या वंशातील दोन कुत्र्यांची नोंद केली; परंतु डाल्मेशियन संघाच्या सभासदांनी कडाडून विरोध केला आणि नोंदी थांबल्या. पुढे २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दोषास कारण असलेले जनुक शोधून काढले, त्यामुळे रक्ताच्या अथवा लाळेच्या थेंबावरून कोणता कुत्रा निर्दोष हे सांगता येऊ लागले. ब्रिटनमध्ये २०१० साली ह्या वंशातील फिओना नावाच्या कुत्रीची नोंद झाली, २०११ साली ती क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरली, आणि त्याच वर्षी अमेरिकन क्लबानेही दार उघडले. पहिल्या संकरापासून ह्या दिवसापर्यंत ३८ वर्षे गेली होती.

विरोधकांचे म्हणणे तिरस्काराने झिडकारण्याजोगे नव्हते. पिढ्यानपिढ्या जपलेली वंशावळीची वही एकदा उघडली की पुढे कोण काय घुसवील ह्याचा नेम नाही, अशी त्यांना धास्ती होती; शिवाय नव्या वंशातील आरंभीच्या पिल्लांचे ठिपके बारीक व अस्पष्ट निघत, हेही खरे. ज्या ठिपक्यांसाठी आपल्या आजोबांनी आयुष्य वेचले ते पुसट झालेले पाहवत नाहीत, ही भावना आपल्याकडील कोणत्याही घराणेदार कलावंतास समजेल. परंतु शुद्धता कशासाठी जपावयाची, हा प्रश्न ह्या साऱ्या वादात मागे पडला, असे आम्हास वाटते. वहीतील नाव शुद्ध राहिले आणि दारचा प्राणी वेदनेने तळमळत राहिला, तर ती शुद्धता वहीची झाली, प्राण्याची नव्हे. कुळाच्या अभिमानापायी घरच्या जिवांचे हाल होऊ देण्याची रीत आपल्या समाजास अगदीच अपरिचित आहे असे नाही. म्हणून हा दूरदेशीचा वाद वाचताना आम्हास तो फारसा दूरचा वाटला नाही.

ह्यावर उपाय रिंगण मोडून टाकण्याचा नव्हे. रिंगणाने अपाय केला तसा उपायही केला आहे. पूर्वी ह्या गाडीच्या कुत्र्यांचे कान शोभेसाठी कापीत असत, इतर जातींतही ती क्रूर चाल होती. ३१ मार्च १८९५ नंतर जन्मलेल्या कान कापलेल्या कुत्र्यास बक्षीस मिळणार नाही, असा नियम केनेल क्लबाने केला, आणि ब्रिटनमधील प्रदर्शनांतून ती चाल उठली. ज्या हाताने फीत बांधावयाची तो हात काय मागतो, तसा प्राणी घडतो. मागणी बदलली की घडण बदलते. ठिपक्यांबरोबर कानांची व मूत्राची परीक्षा मागितली तर पैदास करणारेही तीच करून देतील.

हीच गोष्ट घरी कुत्रा आणणाऱ्यास लागू आहे. डोडी स्मिथ ह्या लेखिकेने १९५६ साली एकशे एक डाल्मेशियनांची कथा लिहिली; तीवर १९६१ साली डिस्नेने चित्रपट काढला, आणि १९९६ साली पुन्हा नव्याने काढला. चित्रपट पाहून आलेल्या मुलांनी हट्ट धरला, आईबापांनी पिल्लू आणले, आणि वर्षभरात ते पिल्लू सबंध दिवस धावू पाहणारा दांडगा कुत्रा झाले. मग त्यांतील कित्येक अनाथ कुत्र्यांच्या आश्रमांत जाऊन पडले. कथेत कातड्यासाठी पिल्ले पळविणारी बाई दुष्ट म्हणून रंगविली आहे. परंतु केवळ कातडे पाहून पिल्लू विकत घेणाऱ्या सज्जनांस आपणही त्याच बाजारात उभे आहोत हे सुचले नाही.

मुंबई-पुण्याकडेही हौसेने डाल्मेशियन पाळणारी कुटुंबे आहेत. त्यांनी पिल्लू आणताना ठिपके जरूर पाहावेत, पण पिल्लाच्या कानांची तपासणी झाली आहे काय व आईबापांस खड्यांचा विकार आहे काय, हे आधी विचारावे. आपल्याकडील उन्हात दुपारी त्यास पळवू नये; पहाटे लांब न्यावे, वाटेत वारंवार पाणी पाजावे आणि वरचेवर मोकळे होऊ द्यावे, कारण पाणी हेच ह्या जातीचे पहिले औषध होय. अमेरिकन संघाने गाडीच्या कुत्र्याची जुनी परीक्षा १९८९ सालापासून पुन्हा सुरू केली आहे. तीत घोड्याबरोबर साडेबारा मैल, आणि वरच्या पदवीसाठी २५ मैल धावावे लागते. तेथे परीक्षक ठिपके मोजीत नाहीत. शेवटी कुत्रा लंगडत नाही ना, आणि अजून सोबत करावयास राजी आहे ना, एवढेच पाहतात. आम्हास ही परीक्षा फार आवडली. ती घेण्यास घोडा हवाच असे नाही. रविवारी सबंध घर टेकडीवर निघावे, मुलांनी पुढे पळावे, वडीलधाऱ्यांनी मागून यावे, आणि कुत्र्याने दोन्ही टोकांच्या मध्ये येरझारा घालीत कोणी मागे राहिले नाही ना ह्याची खातरजमा करावी. ज्या घरचा कुत्रा ह्या परीक्षेत दर आठवड्यास उतरतो, त्या घरास फीत मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.